इंटरनेटविना संगीतनिर्मिती : सॉफ्टवेअर, प्लगइन आणि परवान्याचे गणित

ध्वनिमुद्रणाची वेळ ठरलेली असते. गायिका येऊन बसलेली असते, तबलजींनी तबला सुरात लावून घेतलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उमटते : परवान्याची खातरजमा होऊ शकली नाही, कृपया इंटरनेट जोडणी तपासा. पावसाने केबल तुटलेली असते किंवा स्टुडिओ गावाबाहेर असल्याने मोबाइलचा संदेशही नीट पोहोचत नसतो. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेले आहे, संगणक उत्तम चालतो आहे, तरीही काम थांबते. घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटणाऱ्या तरुणांपासून नाटकांचे पार्श्वसंगीत करणाऱ्या अनुभवी संयोजकांपर्यंत अनेकांवर ही वेळ येऊ शकते. थोडी पूर्वतयारी केल्यास ती टाळता येते. त्यासाठी संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरला इंटरनेट नेमके कोठे लागते आणि कोठे लागत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

टेपपासून प्लगइनपर्यंत

वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये आणि संगणक यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ ही सामाईक भाषा १९८३ मध्ये प्रत्यक्षात आली. १९८९ मध्ये जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने अटारी संगणकासाठी ‘क्यूबेस’ हे सॉफ्टवेअर आणले. आरंभी त्यात केवळ सुरांच्या सूचना नोंदवल्या जात. प्रत्यक्ष आवाज बाहेर जोडलेल्या वाद्यांतून निघे.

खरे स्थित्यंतर १९९६ मध्ये घडले. स्टाइनबर्गने ‘व्हीएसटी’ हा आराखडा जाहीर केला आणि तो इतर निर्मात्यांनाही खुला केला. त्यामुळे प्रतिध्वनी, कोरस यांसारखे परिणाम साधणारी छोटी सॉफ्टवेअर मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटात बसवता येऊ लागली. हीच प्लगइन. १९९९ मधील दुसऱ्या आवृत्तीने वाद्येही प्लगइनच्या रूपात आणली. आज व्हीएसटीखेरीज अ‍ॅपलचे ‘ऑडिओ युनिट्स’, प्रो टूल्ससाठीचे ‘एएएक्स’ आणि २०२२ मध्ये आलेले ‘क्लॅप’ असे अन्य आराखडेही प्रचलित आहेत. एकेकाळी अर्धी भिंत व्यापणारी यंत्रसामग्री एका संगणकात सामावली खरी. पण ज्या यंत्राची चावी आपल्या खिशात होती, त्याची चावी आता दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन बसली.

इंटरनेट लागते कशासाठी?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. नेहमीच्या प्लगइनमधून निघणारा आवाज इंटरनेटवरून येत नाही. सतारीचा झंकार असो वा सभागृहाचा प्रतिध्वनी, त्याची सारी आकडेमोड आपल्याच संगणकाचा प्रोसेसर करतो आणि नमुने आपल्याच हार्ड डिस्कवरून वाचले जातात. इंटरनेटची गरज प्रामुख्याने तीन ठिकाणी पडते : सॉफ्टवेअर व ध्वनिनमुने उतरवून घेताना, परवाना सक्रिय करताना आणि सुधारित आवृत्ती घेताना. ही तिन्ही कामे ध्वनिमुद्रणाच्या वेळी करण्याची नाहीत. ती आधी उरकता येतात.

अपवाद आहेत. काही सेवांचे कामच दूरच्या सर्व्हरवर चालते. तयार गाण्यातून गायन आणि वाद्ये वेगळी काढून देणारी अनेक संकेतस्थळे या वर्गात मोडतात. तेच काम संगणकावर करणारी साधनेही आता उपलब्ध आहेत. अ‍ॅपलच्या लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरमध्ये २०२४ पासून अशी सोय आहे, तर ‘डीमक्स’ हे मुक्तस्रोत साधन त्याची आवश्यक फाइल एकदा उतरवून घेतल्यावर जोडणीविना चालते. कोणतेही साधन घेण्यापूर्वी ‘हे काम कोठे होते, माझ्या संगणकावर की अन्यत्र?’ हा प्रश्न विचारावा.

जोडणी मुद्दाम तोडणारे स्टुडिओ

अनेक रेकॉर्डिस्ट स्टुडिओचा संगणक जाणीवपूर्वक इंटरनेटपासून दूर ठेवतात. याचे पहिले कारण तांत्रिक आहे. ध्वनिमुद्रण करताना संगणक आवाजाचे छोटे तुकडे करून हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा एक तुकडा असे गणित धरले तर प्रत्येक तुकड्यासाठी सुमारे ५.३ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. तेवढ्या वेळात काम पुरे झाले नाही तर आवाजात ‘टक्’ असा खंड पडतो. वाय-फायचे ड्रायव्हर या कामात अडथळा आणू शकतात आणि म्हणूनच आवाज तुटत असेल तर प्रथम वाय-फाय बंद करून पाहा, असा सल्ला दिला जातो.

दुसरे कारण स्थैर्याचे. गाण्याचे काम अर्ध्यावर असताना संगणकाची मूळ प्रणाली आपोआप अद्ययावत झाली, तर साउंड कार्डचा ड्रायव्हर किंवा एखादे जुने प्लगइन चालेनासे होण्याची भीती असते. तिसरे कारण सुरक्षिततेचे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरीही जुनी साधने तिच्यावर सुरळीत चालतात म्हणून ती न बदलणारे स्टुडिओ आहेत. असा संगणक इंटरनेटला न जोडणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

परवान्याचे पाच प्रकार

पहिला व सर्वांत सोपा प्रकार म्हणजे परवान्याची फाइल. कॉकॉस कंपनीच्या ‘रीपर’ या सॉफ्टवेअरची किल्ली फाइलच्या रूपात मिळते. ती पेनड्राइव्हने स्टुडिओच्या संगणकावर नेली की काम झाले. खरेदीपूर्वी पारखण्यासाठी ६० दिवसांची मुदतही मिळते. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचे ‘एफएल स्टुडिओ’ हेही आपल्या खात्यातून उतरवून घेतलेल्या एका नोंदणी फाइलने जोडणीविना खुले करता येते.

दुसरा प्रकार प्रश्नोत्तरांचा. स्टुडिओचा संगणक स्वतःची ओळख सांगणारा एक संकेतांक दाखवतो. तो लिहून घेऊन इंटरनेट असलेल्या दुसऱ्या संगणकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर भरायचा आणि मिळालेले उत्तर परत आणायचे. बर्लिनच्या एबलटन कंपनीच्या ‘लाइव्ह’मध्ये अशी सोय आहे. तेथे उत्तरादाखल एक छोटी फाइल मिळते. स्पेक्ट्रासॉनिक्सच्या ‘ऑम्निस्फिअर’ या वाद्यातही संकेतांकाला प्रतिसंकेतांक अशीच रीत आहे. संगणक एकदाही महाजालाला न जोडता हे सारे पार पडते. मात्र हा संकेतांक त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेला असतो. एका संगणकाचे उत्तर दुसऱ्यावर चालत नाही.

तिसरा प्रकार डोंगलचा. ‘आयलॉक’ या यूएसबी किल्लीवर परवाना उतरवून घेतला की किल्ली जोडलेल्या कोणत्याही संगणकावर ते सॉफ्टवेअर चालते. परवाना किल्लीवर चढवताना इंटरनेट लागते, नंतर नाही. गावोगावी फिरून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना ही पद्धत सोयीची असली, तरी किल्ली हरवली की परवानेही अडकतात. वेव्हज कंपनी आपले परवाने साध्या पेनड्राइव्हवरही ठेवू देते आणि इंटरनेट नसलेल्या संगणकासाठी दुसरीकडे तयार केलेला इन्स्टॉलरही वापरू देते.

चौथा प्रकार प्रत्यक्ष संगणकाशी जोडलेल्या परवान्याचा. येथे एकदाच इंटरनेट जोडून सक्रियीकरण केले की पुढे जोडणीची गरज राहत नाही. क्यूबेसच्या २०२२ मधील बाराव्या आवृत्तीपासून स्टाइनबर्गने डोंगल सोडून ही पद्धत स्वीकारली असून एक परवाना तीन संगणकांवर सक्रिय ठेवता येतो.

पाचवा प्रकार जोडणीविना काम करणाऱ्यांसाठी सर्वांत त्रासाचा, तो म्हणजे ‘क्लाउड’ परवान्याचा. आयलॉकच्याच क्लाउड पद्धतीत सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत अखंड इंटरनेट जोडणी लागते. मासिक वर्गणीवर मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरनाही ठरावीक दिवसांनी सर्व्हरशी संपर्क साधावा लागतो. असे सॉफ्टवेअर प्रवासात न्यायचे असल्यास संपर्काविना किती दिवस चालते, हे कंपनीच्या अटींत आधीच पाहून ठेवावे.

सॅम्पलचे ओझे

परवान्याहून मोठी अडचण असते ती आकारमानाची. खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने, म्हणजेच सॅम्पल, प्रचंड जागा व्यापतात. ऑम्निस्फिअरचा संग्रह सुमारे ६४ जीबी आहे. स्पिटफायर ऑडिओच्या ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ या संग्रहाची सर्वांत मोठी आवृत्ती सुमारे ६०० जीबी भरते. सेकंदाला २० मेगाबिट एवढा वेग अखंड मिळाला, तर पहिला संग्रह उतरवण्यास सुमारे सात तास, तर दुसऱ्यास पावणेतीन दिवस लागतील. आपल्याकडे वेग इतका अखंड मिळेलच असे नाही. तेव्हा ‘उद्या रेकॉर्डिंग आहे, आज रात्री उतरवून घेऊ’ हा बेत हमखास फसणारा आहे.

असे संग्रह उतरवल्यावर वेगळ्या हार्ड डिस्कवर त्यांची एक प्रत ठेवावी. पुन्हा गरज पडल्यास इंटरनेटवर विसंबून राहावे लागत नाही. ही प्रत नेताना डिस्कच्या रचनेकडे लक्ष द्यावे. जुन्या ‘फॅट-३२’ रचनेत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि सॅम्पलच्या फाइल अनेकदा त्याहून मोठ्या असतात. विंडोज व मॅक या दोन्हींवर चालणारी ‘एक्सफॅट’ रचना या कामी योग्य ठरते.

लॉजिक प्रो वापरणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सॉफ्टवेअर घेतले म्हणजे त्यातील सर्व वाद्ये आपसूक संगणकावर येतात असे नव्हे. ध्वनिसंग्रहाचा मोठा भाग वेगळा उतरवावा लागतो. पडद्यावर वाद्याचे नाव दिसते, पण निवडताच ते उतरवून घेण्याची सूचना येते. गावी पोहोचल्यावर हे कळण्यापेक्षा घरीच तपासलेले बरे.

जोडणी तोडण्यापूर्वी

बाहेरगावी ध्वनिमुद्रणास निघण्यापूर्वी किंवा स्टुडिओचा संगणक कायमचा तोडण्यापूर्वी पुढील क्रमाने तयारी करावी.

१) वापरातील सर्व प्लगइनची यादी करून प्रत्येकासमोर परवान्याचा प्रकार लिहावा. क्लाउड परवान्याला डोंगल किंवा संगणकाचा पर्याय असल्यास परवाना तेथे हलवावा.

२) सर्व इन्स्टॉलर फाइल, त्यांच्या आवृत्तीच्या क्रमांकासह, एका फोल्डरमध्ये साठवाव्यात. कंपनीच्या संकेतस्थळावर पुढे नवीच आवृत्ती मिळते आणि ती जुन्या संगणकावर चालेलच अशी खात्री नसते.

३) साउंड कार्डचा ड्रायव्हर विसरू नये. वाय-फाय नसलेल्या गावी ड्रायव्हर नसलेले साउंड कार्ड म्हणजे निव्वळ शोभेची पेटी.

४) चालू गाण्याच्या साऱ्या फाइल एकत्र कराव्यात. लाइव्हमध्ये सर्व फाइल गोळा करून जतन करण्याची आज्ञा आहे, क्यूबेसमध्ये संग्रहाची तयारी करण्याची, तर रीपरमध्ये सर्व ध्वनिफाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उतरवण्याची सोय आहे. असे न केल्यास ढोलकीचा एखादा तुकडा घरच्या संगणकावरच राहून जातो.

५) शेवटी खरी परीक्षा. वाय-फाय बंद करून, केबल काढून संगणक पूर्ण बंद करावा व पुन्हा सुरू करावा. मग प्रत्येक प्रकल्प उघडून प्रत्येक वाद्य वाजवून पाहावे. ही परीक्षा निघण्याच्या आदल्या रात्री न घेता निदान दोन दिवस आधी घ्यावी, म्हणजे दुरुस्तीस वाव राहतो.

ध्वनिमुद्रणासाठी लागणाऱ्या जागेचाही अंदाज असावा. सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट या दर्जाने एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात. पाच मिनिटांच्या गाण्याचे २४ ट्रॅक म्हणजे सुमारे एक जीबी. त्यात फसलेले प्रयत्नही धरले तर तीन-चार पट जागा मोकळी हवी.

आणखी एक इशारा. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी किंवा मदरबोर्ड बदलण्यापूर्वी त्यावरील परवाने सोडवून घ्यावेत. अनेक परवाने यंत्रातील भागांवरून त्याची ओळख ठेवतात. भाग बदलले की सॉफ्टवेअरला तो संगणक परका वाटू लागतो आणि जुना परवाना मात्र वापरात असल्याचीच नोंद राहते.

चोरीच्या प्रतींचा मोह

‘इंटरनेटची कटकटच नको, क्रॅक केलेली प्रत टाकू’ असा सल्ला देणारे मित्र सर्वत्र भेटतात. हा मार्ग बेकायदा तर आहेच, शिवाय महागही पडू शकतो. ‘ईसेट’ या संगणक-सुरक्षा कंपनीने जून २०१९ मध्ये ‘लाउडमायनर’ नावाच्या एका घातक सॉफ्टवेअरचा तपशील प्रसिद्ध केला. संगीताच्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतींतून ते मॅक व विंडोज संगणकांत शिरत होते आणि आत एक छुपा आभासी संगणक उभारून ‘मोनेरो’ हे कूटचलन मिळवण्यासाठी मालकाच्याच यंत्राची शक्ती वापरत होते. संगीतकाराचीच निवड का, याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्याकडे शक्तिशाली संगणक असतो आणि काम करताना प्रोसेसरवर ताण आला तर त्याला नवल वाटत नाही. फाइलही मुळातच अवजड असल्याने त्यात दडवलेले ओझे ध्यानात येत नाही.

इंटरनेट नाही म्हणून विषाणूची भीती नाही, हाही भ्रम आहे. पेनड्राइव्ह हा विषाणूंचा जुनाच राजमार्ग. बाहेरून आलेली प्रत्येक पेनड्राइव्ह प्रथम दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासून मगच स्टुडिओत न्यावी.

विनामूल्य आणि मुक्त मार्ग

परवान्याची ही सारी यातायात नको असेल तर मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा पर्याय आहे. २००० मध्ये प्रथम उपलब्ध झालेले ‘ऑडॅसिटी’ साध्या ध्वनिमुद्रणासाठी व संपादनासाठी पुरेसे आहे. ‘आर्डर’ हे बहुट्रॅक ध्वनिमुद्रणाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असून लिनक्स वापरणाऱ्यांत ते विशेष परिचित आहे. ‘सर्ज’ हे मूळचे विक्रीचे सिंथेसायझर प्लगइन २०१८ मध्ये मुक्तस्रोत झाले आणि आज ‘सर्ज एक्सटी’ या नावाने मिळते. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या गाजलेल्या वाद्याचा आवाज ‘डेक्स्ड’ हे विनामूल्य प्लगइन देते. यांपैकी कशालाही परवान्यासाठी सर्व्हरची परवानगी लागत नाही. तबला, हार्मोनियम, सतार अशा भारतीय वाद्यांसाठी स्वर सिस्टिम्स या कंपनीचे ‘स्वरप्लग’ हे विक्रीचे प्लगइन आहे. असे कोणतेही विक्रीचे प्लगइन घेताना परवान्याची पद्धत विकत घेण्याआधीच विचारून घ्यावी.

दहा वर्षांनंतर गाणे उघडेल का?

आजची अडचण उद्या सुटेल, पण काही वर्षांनी जुने काम पुन्हा उघडायचे झाल्यास काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने ‘केकवॉक’ या जुन्या व लोकप्रिय सॉफ्टवेअरची निर्मिती अचानक थांबवली. पुढील वर्षी बँडलॅब कंपनीने ते विकत घेऊन विनामूल्य दिले म्हणून वापरणाऱ्यांची मोठी सोय झाली. मार्च २०२३ मध्ये वेव्हज कंपनीने प्लगइन केवळ वर्गणीवरच मिळतील असे जाहीर केले. वापरणाऱ्यांच्या संतापानंतर तो निर्णय काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. स्टाइनबर्गच्या जुन्या ‘ई-लायसेन्सर’ या डोंगल पद्धतीची सर्व्हर सेवाही मे २०२५ मध्ये बंद झाली. किल्ली जपून ठेवली तरी ती दुरुस्त करून देणारा उरला नाही, अशी ही स्थिती.

या घटनांचा बोध स्पष्ट आहे. प्लगइन हे कायमस्वरूपी नसते. मुद्रित झालेला आवाज मात्र टिकवता येतो. म्हणून गाणे पूर्ण झाल्यावर केवळ प्रकल्पाची फाइल ठेवून समाधान मानू नये. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक गाण्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत सलग, साध्या ‘वेव्ह’ फाइलच्या रूपात काढून ठेवावा. प्लगइनचे परिणाम असलेला आणि नसलेला, असा दोन्ही प्रकारे ठेवल्यास उत्तम. सोबत गाण्याची लय, स्वर, तारीख आणि कलावंतांची नावे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावीत. प्रती निदान दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि वेगवेगळ्या जागी असाव्यात. वेव्ह फाइल उघडण्यासाठी कोणत्याही सर्व्हरची अनुमती लागत नाही.

एखाद्या गावच्या वयोवृद्ध गोंधळ्याचा वा दशावतारी कलावंताचा आवाज मुद्रित करणाऱ्यावर तर ही जबाबदारी अधिकच असते. तेथे दुसरा प्रयत्न मिळेलच असे नसते. कलावंत उद्या गाईल की नाही हे आपल्या हाती नाही. मात्र तो आज गात असताना आपला संगणक परवान्यासाठी अडून बसणार नाही, एवढी दक्षता आपल्याला निश्चितच घेता येते.